रिकामं उभं राहण्याचे प्राथमिक धडे

अभिनंदन! वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागून, विद्यापीठात प्रवेश मिळून, बदली होऊन किंवा लग्न होऊन तुम्ही छत्रपती संभाजीनगरात आला आहात. खोली मिळाली, गॅस लागला, टँकरवाल्याचा नंबर घेऊन झाला. कागदोपत्री तुम्ही इथले रहिवासी झालात. पण इथले व्हायचं अजून बाकी आहे. त्यासाठी एकच विद्या लागते : काहीही काम नसताना रस्त्याच्या कडेला उभं राहणं.

हसू नका. मकबरा, पाणचक्की, वेरूळ-अजिंठा दाखवणाऱ्या पुस्तिका ढिगाने मिळतात. मकबऱ्याच्या बाहेर गाडी कुठे लावायची, कुणाशी काय बोलायचं आणि कधी निघायचं, हे सांगणारी एकही नाही. ती उणीव भरून काढायचा हा प्रयत्न.

साहित्य : एक दुचाकी (चालू असलीच पाहिजे असं नाही). सुटे पैसे. उन्हाळ्यात डोक्याला रुमाल. संध्याकाळचा एक तास, जो तुम्ही घरी 'अर्धा तास' म्हणून सांगितलेला असेल. बाक शोधत बसू नका. बसायला बाक लागतो आणि तो नसतो.

पाठ पहिला : स्टँड

या शहरातली बसायची सर्वांत मोठी सार्वजनिक सोय म्हणजे दुचाकीची सीट. ती महापालिकेने दिलेली नाही, ज्याची त्याने घरून आणलेली असते. म्हणून इथे बैठक कुठेही भरते : बंद शटरपुढे, रोहित्राच्या कुंपणाला लागून, कुणाच्या तरी फाटकासमोर. बैठक किती वेळ चालणार हे गाडीकडे बघून ओळखायला शिका. इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, म्हणजे माणूस 'निघालोच' म्हणतो आहे. दहा मिनिटं धरा. साइड स्टँड म्हणजे अर्धा तास. गाडी डबल स्टँडवर चढवली, की घरून फोन येईपर्यंत. आणि कुणी डबल स्टँडवरच्या गाडीवर आडवं बसून पाय दुसऱ्याच्या गाडीच्या फूटरेस्टवर ठेवले असतील, तर त्या माणसाकडे तुमचं काही काम असल्यास उद्या या.

यात शास्त्र आहे. विल्यम व्हाइट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात ते टिपलं आणि 1980 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की, जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. एवढ्यासाठी कॅमेरे कशाला, असं वाटेल. पण त्यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या. ओळखीची दोन माणसं भेटली की ती गर्दीतून बाजूला होत नाहीत, ऐन वाहत्या वाटेतच थांबून बोलतात. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारातून संध्याकाळी स्कूटर काढणाऱ्या कुणालाही हे कॅमेऱ्याविना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट अशी की, हलवता येणारी खुर्ची दिली तर माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच सरकवतो. गरज नसते, तरी सरकवतो. आपल्याकडे बैठकीत नवा माणूस आला की जुना आपली गाडी दोन-चार इंच मागे घेतो. त्याने जागा वाढत नाही. 'ये' म्हणायची ती पद्धत आहे. हे दोन-चार इंच लक्षात ठेवा, पुढे लागतील.

एक इशारा. सकाळी काही चौकांत थापी, फावडं, रंगाचे ब्रश घेऊन माणसं उभी दिसतील. तिथे गाडी हळू करू नका. तुम्ही हळू केलीत की पाच-सात जण धावत येतात, कारण त्यांना वाटतं तुम्ही कामाला माणूस न्यायला आलात. तेही रिकामेच उभे आहेत, पण ही पुस्तिका त्यांच्यासाठी नाही आणि त्यांना तिची गरजही नाही.

पाठ दुसरा : कुठे उभं आहात ते सांगता येणं

फोन येईल : 'कुठंय?' उत्तर पाटीवरचं देऊ नका. महावीर चौक म्हणालात तर समोरचा क्षणभर गप्प होईल. 'बाबा पेट्रोल पंप' म्हणा, तो पाच मिनिटांत येईल. मिल कॉर्नरला मिल शोधू नका, अमरप्रीतला हॉटेलमुळे अमरप्रीत म्हणतात, आणि टी. व्ही. सेंटरला टी. व्ही. बघायला कुणी जात नाही. थोरामोठ्यांची नावं चौकांना सरकार देतं. लोक देतात ती पेट्रोल पंपाची, दवाखान्याची, डेअरीची, म्हणजे जिथे कधीतरी थांबावं लागलं त्या जागेची.

सिडकोत आणखी पंचाईत. तिथे एन-वनपासून पुढे अशी अक्षरांची आणि आकड्यांची वस्ती आहे, आणि एन-सिक्सच्या शेजारी एन-सेव्हन असेलच या भरवशावर निघू नका. पण या आकड्यांच्या गावात सिडकोने कॅनॉट नावाचं एक ठिकाण केलं : मध्ये बाग, भोवती दुकानं. संध्याकाळी तिथे कोचिंगची पोरं, पेन्शनर, कुत्री फिरवणारे, पाणीपुरीवाले सगळे दिसतात. ठरवून केलेली जागा अशी जिवंत राहणं दुर्मीळ. नियोजनकारांना त्याचं श्रेय द्यावं, पण थोडं पाणीपुरीवाल्यांनाही.

अभ्यास : पैठण गेटहून शहागंजच्या घड्याळापर्यंतचा रस्ता एका अनोळखी माणसाला एकाही अधिकृत पाटीचं नाव न घेता सांगा.

पाठ तिसरा : चहा

टपरीला इथे 'हॉटेल' म्हणतात. खुर्च्या नसल्या तरी. हॉटेलात शिरायचं नसतं, हॉटेलापुढे उभं राहायचं असतं. चहा हाफ घ्या. पूर्ण कपाने बैठक लवकर संपते, कारण दुसरा मागवायला निमित्त उरत नाही. पैसे देताना झटापट करावी, पण खिशातला हात जरा सावकाश बाहेर काढला तर ते कुणी मनावर घेत नाही. उद्या तुमची पाळी आहे हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

चहाचं महत्त्व पटत नसेल तर एक सरकारी पुरावा. पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते नीट करायच्या केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' उपक्रमात शहराने जे तुकडे निवडले त्यात एक होता क्रांती चौक ते गोपाळ टी. एका टोकाला क्रांती, दुसऱ्या टोकाला चहा. ज्याने कुणी हा तुकडा निवडला त्याला या शहराचं बरंच कळलं होतं.

टपरी कायमची नसते, हेही शिकून घ्या. 2025 साली रस्ते रुंद करण्यासाठी मुकुंदवाडीपासून मोठी पाडापाडी झाली. वाहतुकीला रस्ता हवाच, त्यावर वाद नाही. पण रस्त्याच्या नकाशात जी जागा 'अतिक्रमण' असते ती दुसऱ्या एका नकाशात, जो कुणी काढलेला नाही, रोज सहा वाजता भेटायची जागा असते. पाडल्यानंतर माणसं काही दिवस त्याच ठिकाणी, विटांच्या ढिगापाशी येऊन थांबतात, मग चहावाल्याने नवी गाडी कुठे लावली ते कळतं आणि अख्खी बैठक तिकडे सरकते. चहावाला शोधायचा असेल तर बैठक शोधा.

पाठ चौथा

हा पाठ लिहायचा त्या दिवशी नळाला पाणी आलं.

ज्यांच्याकडे रोज येतं त्यांना याचा अर्थ कळणार नाही. नाथसागर जलाशय एवढा जवळ असून इथल्या अनेक वस्त्यांत पाण्याची पाळी दिवसांनी मोजतात. पाच, सात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यामुळे पाण्याचा दिवस हा सणासारखा असतो, फरक इतकाच की त्याची तारीख पंचांगात नसते, लाइनमनच्या डोक्यात असते. गल्लीतल्या कुणाकडे तरी त्याचा नंबर असतो. त्या घराला मान असतो.

आणि त्या दिवशी गल्ली उघडते. कॉलनीत वर्षभर नुसती मान हलवणारी माणसं मोटर, पाइप, ड्रम घेऊन रस्त्यावर येतात. 'तुमच्याकडे आलं का?' हे या शहरातलं खरं 'नमस्कार' आहे. कुणाची सून बाळंतपणाला गेली, कुणाच्या मुलाचं शेंद्र्याला काम लागलं, कुणाची मोटर गल्लीचं सगळं पाणी ओढते, हे ज्ञान त्या दोन तासांत मिळतं. यात भांडणही धरलं आहे. भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं.

हे नवं नाही. मलिक अंबरने 1610 साली खडकी म्हणून हे गाव वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. ठिकठिकाणी हौद भरत. हौदावर माणसं येणार, म्हणजे बोलणार. पाणचक्कीच्या आवारातही तेच : डोंगरातून नळांनी आलेलं पाणी उंचावरून पडे, त्यावर जातं फिरे, तिथल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ निघे. शेजारी अजस्र वड आहे. पाणी, पीठ, सावली. तीन गोष्टी एकत्र दिल्या की माणसांना 'या' म्हणून सांगावं लागत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं ते पुढे कुठे गळालं, हा प्रश्न प्राथमिक धड्यांच्या कक्षेबाहेरचा आहे. टाकी वाहून चालली, थांबा.

पाठ पाचवा : बोलणं

भाषा मिश्र ठेवा. वाक्य मराठीत सुरू होऊन दखनीत संपलं तरी कुणी हटकत नाही. 'हौ' आणि 'नक्को' हे दोन शब्द सांभाळता आले तर अर्ध्या शहरात निभावतं. 'नक्को' हा मुळात आपलाच 'नको'. दखनीत गेला आणि एक 'क' जास्तीचा खाऊन आला. वयाने मोठ्या रिक्षावाल्याला 'मामू', दुकानदाराला 'भाऊ' किंवा 'भाई', आणि जो काय करतो ते कळत नाही त्याला 'सर'.

शहराचं नाव घेताना घाई नको. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी चार नावं या एकाच जागेने अंगावर वागवली आहेत. सध्याचं नाव सरकारदरबारी 2023 साली पक्कं झालं, पण ते भर सभेत घुमलं 8 मे 1988 रोजी, खडकेश्वरच्या मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर, बाळासाहेब ठाकरे यांच्या तोंडून. मैदानातला शब्द पाटीवर चढायला पस्तीस वर्षं लागली. तेव्हा एखाद्या मोकळ्या मैदानाकडे बघून 'इथे पार्किंग करता येईल' असं म्हणू नका. पुढची पस्तीस वर्षं तिथे उगवत असू शकतात. बैठकीत आजही दोन्ही नावं ऐकू येतील. कोण कुठलं म्हणतो ते ऐकून घ्या, दुरुस्ती करू नका, चहा निवेल.

पाठ सहावा : कुठे रिकामं उभं राहू नये

काही जागा आणि काही दिवस असे, की तिथे उभं राहणं हेच काम असतं. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी एरवी पोरं टेकून उभी असतात, सेल्फी काढतात. 14 जानेवारीला तिथे वेगळीच गर्दी असते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 1978 साली केला. नाव प्रत्यक्ष आलं 14 जानेवारी 1994 रोजी, आणि मधल्या सोळा वर्षांत माणसं मेली, घरं जळाली. दर वर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया त्या कमानीच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावतात. पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. तुम्ही साइड स्टँडवर असाल तर गाडी दूर लावा.

क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. 1857 साली इथल्या छावणीतले सैनिक इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना दिलेल्या शिक्षेची ती आठवण. त्याच चौकातून 9 ऑगस्ट 2016 रोजी पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. ज्या चौकात हॉर्न एक मिनिट थांबत नाही तिथून लाखो माणसं घोषणा न देता चालत गेली. रिकामं उभं राहणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो : चौकाचा आवाज चौकाचा नसतो, माणसं ठरवतील तो असतो.

गणपतीत राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते, रमजानमध्ये शहागंज, बुढ्ढी लेन, रोशन गेटच्या रात्री दिवसासारख्या होतात, नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा. या दिवसांत उभं राहायला शिकवावं लागत नाही, पाय टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ. नान-खलिया मात्र गर्दीतच खावा. निवांत खाल्ला तर तो फक्त चांगला लागतो. छावणीचा गुरुवार आणि जाफर गेटचा रविवार, या दोन बाजारांत जुन्या पान्यापासून बकऱ्यापर्यंत काहीही मिळतं. काही घ्यायचं नसतानाही भाव विचारायची तिथे मुभा आहे, आणि भाव विचारणं हे संभाषणच.

पुरवणी : स्त्रियांसाठी

इथपर्यंत वाचताना एखादीच्या लक्षात आलं असेल, की वरचे सगळे पाठ पुरुषांसाठी आहेत. चौथा सोडून.

स्त्रीने रस्त्यावर उभं राहायचं असेल तर साहित्य बदलतं. दुचाकी चालेल, पण तिच्या हँडलला पिशवी हवी, आणि पिशवीतून मेथीची जुडी बाहेर दिसायला हवी. मेथी म्हणजे कारण. शाळेच्या फाटकाशी उभं राहता येतं : मूल हे कारण. दवाखान्याबाहेर उभं राहता येतं, बसथांब्यावर उभं राहता येतं, मंदिरापुढे चप्पल सांभाळत उभं राहता येतं. थांबायला कारण नसेल तर मोबाइल कानाला लावावा, पलीकडे कुणी नसलं तरी. गोगाबाबा टेकडीवर सूर्यास्त बघायला जाता येतं, पण व्यायामाचे बूट घालून. नुसता सूर्यास्त हे कारण अजून मंजूर झालेलं नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर 2011 साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. रिकामं रेंगाळता येणं हाच शहरावरचा खरा हक्क, असं त्यांचं म्हणणं. ते मुंबईचं. तिथे निदान समुद्राचा कठडा आहे.

आता कबुली द्यायला हरकत नाही. प्रस्तुत लेखिकेने वरच्या पाठांतलं, चौथा सोडून, काहीही स्वतः केलेलं नाही. हे सगळं ज्ञान मुलीच्या क्लासबाहेर मिळालेलं आहे. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास, स्कूटरवर बसून. क्लासच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक हॉटेल आहे, म्हणजे टपरी. स्टँडचं व्याकरण, हाफ चहा, खिशातला सावकाश हात, गाडी दोन-चार इंच सरकवणं, हे मी तीन वर्षं या बाजूने पाहिलं. कोण कुठल्या गाडीवर येतो हे मला पाठ आहे. एक जण बरेच दिवस आला नाही तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. त्याचं नाव मला माहीत नाही.

माझ्यासारख्या आणखी सात-आठ जणी तिथे असायच्या. आम्ही एकमेकींशी बोलायचो, पण मार्कांबद्दल. प्रत्येकीच्या हँडलला पिशवी होती.

मागच्या मंगळवारी पिशवी घरी राहिली. मुलगी आत गेली, मी थोडा वेळ फोनकडे बघितलं, मग फोन डिकीत ठेवला आणि रस्ता ओलांडला. तिकडे सहा जण होते, त्यातले चार माझ्या ओळखीचे, म्हणजे मी त्यांच्या नव्हते. बोलणं जरा खाली आलं. चहावाल्याने विचारलं, "पार्सल का, ताई?"

"नाही. हाफ. इथेच."

त्याने ग्लास पुढे केला. उभं कुठे राहायचं ते कळेना. या पुस्तिकेत तो मजकूर नाही. फळकुटाच्या कडेला कोपर टेकवून मी फुंकर घातली. चहा फार गोड होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, फार काळजीपूर्वक बघत नव्हतं. मग डबल स्टँडवर बसलेला तो निळ्या शर्टाचा, जो गुरुवारी येत नाही, उठला, आणि बोलणं न थांबवता त्याने आपली गाडी दोन-चार इंच मागे घेतली.